दोन दांड्या, चाळीस हिस्से

आमच्या घरात एक वाद्य आहे, त्याला दोन दांड्या आहेत. एका दांडीवर सहा तारा, दुसरीवर चार. सहा तारांची ती गिटार आणि चार जाड तारांची ती बेस. दोन्ही एकाच धडावर बसवलेल्या, एकाच पट्ट्याने गळ्यात अडकवायच्या. घरात तिला 'जुळी' म्हणतात. आम्ही म्हणजे दोघे भाऊ. हा लेख एकाने लिहिला आणि दुसऱ्याने प्रत्येक वाक्य ऐकून हरकती घेतल्या. काही हरकती मान्य झाल्या, काही झाल्या नाहीत. म्हणून 'आम्ही' हा शब्द येथे मोठेपणासाठी नाही, मालकी सामाईक आहे म्हणून आहे.

गणेशपुरी हे भिवंडी तालुक्यातले गाव. तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडे, नित्यानंद स्वामींची समाधी, पलीकडे मुक्तानंदांचा आश्रम आणि जवळच वज्रेश्वरी. अशा गावात मुसलमानाचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काय करते, असे भिवंडीचे आमचे नातेवाईक नेहमी विचारत. उत्तर सोपे आहे. यात्रेला लाउडस्पीकर लागतो आणि लाउडस्पीकर बिघडतो. अब्बांचे दुकान त्यावर चालले. लग्नाचा हंगाम, गुरुपौर्णिमा, नवरात्र, आमची ईद, सगळीकडे तेच कर्णे आणि तोच बॅटरीचा ठोकळा.

1970 च्या दशकात परदेशी लोक मोठ्या संख्येने येऊ लागले आणि अब्बांना एक नवे गिऱ्हाईक मिळाले. अमेरिकेतली वीज 110 व्होल्टची, आपली 220 च्या पुढची. गोऱ्या पाहुण्याने हौसेने आणलेला टेपरेकॉर्डर इथल्या सॉकेटात खुपसला की धूर निघायचा. अब्बा हाताने ट्रान्सफॉर्मर गुंडाळून द्यायचे. पण व्होल्ट उतरवले तरी एक अडचण उरायची. त्यांच्या विजेची आवर्तने सेकंदाला 60, आपली 50. ज्या मशीनची मोटार विजेच्या आवर्तनावर चालते ती इथे सहातल्या पाच भागांच्याच वेगाने फिरते. भजनाची टेप लावली की गाणारा दमल्यासारखा गायचा आणि सूर कोमल गंधाराइतका खाली यायचा. अब्बांना स्वरशास्त्र येत नव्हते, पण कान होता. ते मोटारीवरची कप्पी लेथवर थोडी मोठी करून आणायचे आणि गाणे पुन्हा आपल्या जागी यायचे. हे काम ते विलक्षण आवडीने करत. पैसे मात्र कप्पीचेच घेत, कानाचे कधी घेतले नाहीत.

1978 च्या पावसाळ्यात असाच एक तरुण गोरा दुकानात आला. त्याला परत जायचे होते आणि खिशात भाड्याला पैसे कमी होते. त्याने लांबट पेटी उघडली. अब्बा पाहून म्हणाले, "ये एक है के दो?" तो म्हणाला, दोन. अब्बांनी सहाशे रुपये दिले आणि दुकानदाराच्या सवयीने पावती लिहून घेतली. तीत त्याने लिहिले आहे : एक गिटार, एक बेस. ती पावती आमच्याकडे अजून आहे. पुढे वाटणीच्या वेळी या 'एक, एक'ने फार करमणूक केली, ते पुढे येईलच.

आता ही वस्तू काय आहे ते सांगायला हवे, कारण जुने परदेशी वाद्य म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे शिसवी लाकूड आणि हस्तिदंत येतो. आमची जुळी डॅनइलेक्ट्रो कंपनीची आहे. नेथन डॅनियल नावाच्या माणसाने 1947 साली ही कंपनी काढली आणि न्यू जर्सीत कारखाना चालवला. गिटार गरिबाच्या पोरालाही घेता यावी एवढाच त्याचा हिशोब. म्हणून धड भरीव लाकडाचे नाही. आत साध्या लाकडाची चौकट आणि वरखाली हार्डबोर्ड ठोकलेला, तोच जो आपण माळ्याला आणि पार्टिशनला वापरतो. चौकटीच्या कडा दिसू नयेत म्हणून भोवती रेक्झिनसारखी पट्टी चिकटवली आहे. तारांचा आवाज पकडणारे लोहचुंबक आणि त्यावरची तार ज्या चकचकीत नळीत बसवली आहे, ती लिपस्टिकची नळी. होय, खरोखरची. लिपस्टिक बनवणाऱ्यांकडच्या नळ्या त्याने घाऊक उचलल्या आणि त्यांत विजेचे गुंडाळे घातले. अम्मीने पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणाली, "ये तो लाली की डब्बी है!" आम्ही हसलो. काही वर्षांनी कळले की अम्मीचेच बरोबर होते. दांडीचे डोके कोकाकोलाच्या बाटलीच्या आकाराचे आहे. ती बाटली नुकतीच, म्हणजे 1977 साली, देशातून निघून गेली होती. गावातल्या पोरांना मात्र आमच्या घरी दोन बाटल्या कायम पाहायला मिळत.

कंपनी 1966 साली विकली गेली आणि 1969 साली कारखाना बंद पडला. म्हणजे आमच्या हाती आली तेव्हाच ती बंद घराची वस्तू होती. सुटा भाग मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अब्बांना याचे काही वाटले नाही. हार्डबोर्ड भिवंडीत मिळतो, म्हणाले, आणि लाली तर कुठेही मिळते.

दोन दांड्यांची गिटार जगात प्रसिद्ध झाली ती दुसऱ्या, महागड्या कंपनीमुळे. जॉन मॅक्लॉफ्लिन 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला महाविष्णू ऑर्केस्ट्रात सहा आणि बारा तारांची गिब्सन वाजवत. पुढे त्यांनी ती खाली ठेवली आणि माहीमच्या उस्ताद अल्लारखांच्या मुलाबरोबर, झाकीर हुसेन यांच्याबरोबर, 'शक्ती' उभी केली. त्याच 'शक्ती'ला 2024 साली ग्रॅमी मिळाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले. अर्थात 1978 साली यातले आम्हाला काहीच माहीत नव्हते. आम्हाला एवढेच कळले की भिवंडीतल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याला गिटारवाला आणि बेसवाला असे दोन गडी परवडत नाहीत. एकाच माणसाच्या गळ्यात दोन्ही असले तर त्याची एक बिदागी, एक जेवण आणि टेम्पोतली एक जागा वाचते. आमच्या कलाजीवनाचा पाया हा असा आहे.

थोरला 1980 साली जाऊ लागला, धाकटा तीन वर्षांनी. दोघांना एकदम जाता येत नसे, कारण वाद्य एक. ज्याची पाळी असेल तो जायचा. थोरल्याचा हात बेसवर बसला, धाकट्याचा गिटारीवर. त्यामुळे एकाच गाण्याला थोरला असला तर जमीन हादरायची आणि धाकटा असला तर मधले तुकडे झळकायचे. मास्तर आम्हाला 'आज पाया' आणि 'आज कळस' असे ओळखत. हळदीची कार्यक्रमे, साखरपुडे, गणपती, नवरात्र, उरूस. वाड्या-पाड्यांवर बेंजो पार्टी असेल तर बेंजोवाला आम्हाला मागून घेऊन जाई. बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंग. त्याला खालून आधार द्यायला बेस मिळाला की तो वेगळाच खुलतो.

वाजवणाऱ्याला ठाऊक असलेल्या दोन गोष्टी इथे सांगू. पहिली : एक दांडी वाजत असताना दुसरीच्या तारा आपोआप थरथरतात. सतारीला जशा तरफा असतात तसे. बटणाने ती दांडी बंद केली नाही तर ते थरथरणे लाउडस्पीकरमधून गढूळ होऊन बाहेर येते. आम्ही त्या तारांत अम्मीच्या जुन्या ओढणीची चिंधी विणून ठेवायचो. पण एकांतात, आवाज बारीक ठेवून, चिंधी काढून वाजवले तर ते गढूळपण सुंदर लागते.

दुसरी गोष्ट विजेची. या लालीच्या डब्ब्या तारांचा आवाज पकडतात तसा विजेचाही पकडतात. भिवंडीत यंत्रमाग चालू असले की स्पीकरमधून सतत एक 'हूं' येत राहतो. आपल्या विजेचे 50 आवर्तन म्हणजे बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या घरात बोट ठेवले की जो सूर निघतो, त्याच्या जरासा वर. त्या सुराची आवर्तने 49. त्यामुळे भिवंडीत त्या सुरातले गाणे आले की मागे कोणीतरी किंचित चढा सूर लावून बसल्यासारखे व्हायचे. थोरला बोटाने तार ओढून आपला सूर विजेला मिळवून घेई. मास्तरांना कळत नसे, पण त्या गाण्याला टाळ्या जास्त पडत, असे थोरल्याचे म्हणणे आहे. धाकट्याची येथे हरकत आहे.

तारा ही खरी अडचण. बेसच्या तारा भिवंडीत नाहीत, कल्याणला नाहीत. मुंबईला धोबी तलावाला फुर्तादोजमध्ये जायचे आणि चार तारांना हंगामाची कमाई मोजायची. म्हणून जुन्या तारा काढून पातेल्यात उकळायच्या. घामाचा, बोटांचा मळ निघतो आणि तार महिनाभर पुन्हा बोलू लागते. सगळे बेसवाले हे करतात. गावात गरम पाण्याची कुंडे असताना गॅस कशाला जाळता, असे शेजारी विचारत. कुंडाचे पाणी गंधकाचे. त्यात धातू काळा पडतो, हे ज्याने अंगठी घालून अंघोळ केली आहे त्याला विचारा.

1984 च्या मे महिन्यात भिवंडी पेटली. त्याबद्दल आपल्या लोकांनी पुष्कळ लिहिले आहे, आम्ही त्यात भर घालणार नाही. जुळी तेव्हा भिवंडीत मास्तरांच्या खोलीवर होती आणि आम्ही गणेशपुरीत. लग्नाचा हंगाम होता, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. संचारबंदी लागली. खोली जळाल्याची बातमी आली. अब्बा एवढेच म्हणाले, "माणसं मोजा." वाद्याचे नाव घरात कोणी काढले नाही. एकोणीस दिवसांनी आमचा बेंजोवाला, आगरी गडी, टेम्पोतून उतरला. भाताच्या पोत्यांत गुंडाळलेली पेटी त्याने ओट्यावर ठेवली. पहिल्याच संध्याकाळी तो ती उचलून आपल्या गावी घेऊन गेला होता. स्वतःचा बेंजो मात्र राहिला, तो गेला. अब्बांनी त्याला नवा बेंजो घेऊन दिला आणि त्याने घेतला. दोघेही याबद्दल नंतर कधी बोलले नाहीत. तो वारला तेव्हा आम्ही दोघे गेलो होतो.

पावसाळ्यात हार्डबोर्ड फुगतो. 1991 पर्यंत जुळीची पाठ एका कडेला सुटली होती आणि तारा ज्यावर टेकतात ती शिसवी पट्टी झिजून खाचा पडल्या होत्या. मुंबईत दाखवली तर फेकून द्या म्हणाले. मग कोणीतरी मिरजेचे नाव काढले. आम्ही कल्याणहून कोयना पकडली.

मिरजेचे सतारमेकर मुळात शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. राजेरजवाड्यांची शस्त्रे म्यान झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये करायला घेतली. तेव्हापासून ते घराणे त्यातच आहे. पंढरपूरकडचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी वाचून आम्हाला घरचे कोणी पास झाल्यासारखे वाटले. याच गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि 1937 मध्ये गेल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाणे होते. मराठी मुसलमानाचा आणि संगीताचा संबंध काय, असे विचारणाऱ्याला आम्ही मिरजेचे तिकीट काढून द्यायला तयार आहोत.

कारागीर म्हातारे होते. त्यांनी जुळीवर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "भोपळा नाही, लाकूड नाही. पुठ्ठा बोलतोय हो हा!" मग शिसवी पट्टीवर बोट फिरवून विचारले, "जवारी खुली ठेवू की बंद?" आम्हाला प्रश्नच कळला नाही. तंबोऱ्याची तार घोडीवर अलगद घासत राहते आणि त्यातून तो गुंजारव येतो, ती जवारी. गिटारवाल्यांच्या लेखी तीच खोड असते. आवाज झणझणतो म्हणून दुरुस्तीला आणायची. आम्ही म्हटले, बंद. त्यांनी पाच तारा बंद केल्या आणि सहावीला, म्हणजे मधल्या एका तारेला, थोडी खुली ठेवली. "एक राहू द्या. तुमची बाई मिरजेला येऊन गेली हे कळायला पाहिजे." पाठ सरसाने बसवून दिली. एकूण साठ रुपये. ती तार आजही झणझणते.

घरात मतभेद नव्हते असे नाही. आमचे मामू जमातीत जाणारे, नेक माणूस. वाद्य घरात आहे म्हणून ते आमच्याकडे जेवत, पण त्या खोलीत बसत नसत. अब्बांनी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर अख्खा खंड लिहिला आहे, एवढे ते जाणून होते. पण मामू आले की स्वतः उठून पेटी माळ्यावर ठेवत. पाहुण्याचा मान, म्हणत. मामूंनाही त्याची जाणीव असावी. धाकट्याच्या लग्नात त्यांनी स्वतः डफवाले बोलावले.

अब्बा 2017 साली गेले. मागे अम्मी, आम्ही दोघे आणि सर्वांत धाकटी बहीण. घर आणि दुकानाची वाटणी शरीयतप्रमाणे झाली. बहिणीचा हिस्सा रोख दिला, हक्कसोडीचा कागद पुढे केला नाही. हे सांगण्यासारखे नाही, पण आपल्या समाजात अजून सांगावे लागते. भांडीकुंडी अम्मीची. राहिली जुळी. तेवढ्यात मुंबईहून जुनी वाद्ये जमवणारा एक सद्गृहस्थ आला. त्याने दोन लाख म्हटले. मग ती झणझणणारी तार ऐकली, पट्टी घासलेली पाहिली आणि तोंड वाईट केले. 'ओरिजिनल' राहिली नाही, म्हणाला. मिरजेचा हात लागल्याने किंमत उतरते, हे ऐकून आम्ही त्याला चहा पाजून रवाना केले. पण आकडा कानात राहिलाच. दोन लाख म्हणजे कोणाच्याही घरात काहीतरी अडलेले काम असते.

मसला विचारायला आम्ही एका मौलानांकडे गेलो. आमचे घर हनफी. त्यांनी मोठा गमतीचा मुद्दा सांगितला. कोणी मुसलमानाचे वाद्य मोडले तर भरपाई द्यावी लागते काय, यावर इमाम अबू हनीफा म्हणतात, होय, पण गाण्याबजावण्याची नाही, वाद्य बाजूला ठेवून जी वस्तू उरते तिची. म्हणजे लाकडाची. त्यांचे दोन्ही शागीर्द म्हणतात, काहीच नाही. आम्ही म्हटले, मौलाना, आमच्याकडे लाकूड जेमतेम आहे, बाकी हार्डबोर्ड आहे. ते मोठ्याने हसले. म्हणाले, मग चाळीस रुपये धरा.

गंमत अशी की चाळीस हाच नेमका आमचा आकडा निघाला. अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे चाळीसातले पाच. उरले पस्तीस. भावांना दोन-दोन, बहिणीला एक या हिशोबाने आम्हाला चौदा-चौदा आणि तिला सात. चाळीस रुपये धरले तर बहिणीचे सात रुपये. दोन लाख धरले तर पस्तीस हजार. एकच वस्तू, एकच कायदा, आणि दोन आकड्यांमध्ये एका मुलीची कॉलेजची फी. धाकटा म्हणाला, विकून टाकू. थोरला म्हणाला, पावतीत दोन नग आहेत, एक-एक घेऊ. करवत आण, असे अम्मी आतून म्हणाली.

बहिणीला फोन केला. ती शाळेत शिकवते, तोलून बोलते. म्हणाली, "भाईजान, मला पैसे नकोत. पण मी हिस्सा सोडलेला नाही. लहानपणी तुम्ही कार्यक्रमाला गेलात की पेटी रिकामी असायची आणि परत आलात की कुलूप. मी कधी हात लावला आहे का?" यावर आम्हा दोघांकडे उत्तर नव्हते. दोघांपैकी कोणाचीही येथे हरकत नाही.

पुन्हा मौलानांकडे. जी चीज तोडता येत नाही तिचा वापर पाळीने वाटून घ्यावा, असे ते म्हणाले. त्याला मुहायात म्हणतात. विहीर, घोडा, चक्की यांच्यासाठी लोक हेच करत आले. आम्ही वहीत मांडले. वर्षाचे बावन्न आठवडे, चाळीस हिस्से. आम्हाला अठरा-अठरा आठवडे आणि थोडे दिवस, बहिणीला नऊ, अम्मीला साडेसहा. अम्मी म्हणाली, या वयात मी बेस शिकू काय? आणि आपला हिस्सा तिने मुलीला देऊन टाकला. सामाईक आणि न तुटणाऱ्या वस्तूतला हिस्सा असा बक्षीस देता येतो, हेही विचारून घेतले. आता बहिणीचे बारा आणि आमचे चौदा-चौदा.

मागच्या पावसाळ्यानंतर तिची पहिली पाळी सुरू झाली. साडेपंधरा आठवडे. तिची मुलगी शिकते आहे आणि आधी बेसच धरली, याचा थोरल्याला आनंद लपवता येत नाही. मुंबईच्या गृहस्थाचा फोन अधूनमधून येतो. आकडा थोडा वाढला आहे. कोणी नकार देत नाही, कोणी होकारही देत नाही. थोरल्याची बोटे आता आखडतात. धाकट्याला चष्मा लावूनही बारीक तार दिसत नाही.

परवा रात्री भाचीचा फोन आला. मामू, स्पीकरमधून सारखा 'हूं' येतोय, वायर खराब आहे का? आम्ही सांगितले, वायर चांगली आहे, ती वीज आहे. गळ्यात घालून जागच्या जागी हळूहळू फिर, एका कोनात आवाज जवळजवळ जातो. फोन चालू ठेवून ती फिरली. आम्ही दोघे कान लावून ऐकत होतो. हूं कमी झाला, वाढला, पुन्हा कमी झाला.

"गेला!" ती म्हणाली. "पण मग मला कपाटाकडे तोंड करून वाजवावं लागेल."